टीम सांभाळ, पण लेखी घेऊन

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तू विचारतेस, 'सर म्हणाले, टीम तू सांभाळ, पगाराचं एप्रिलमध्ये बघू. हो म्हणू का?' अगं, हो म्हण. पण त्याच संध्याकाळी मेल टाक. तोंडी घेतलेली जबाबदारी अप्रेझलच्या वेळी कुणालाच आठवत नाही. लेखी घे.

मेलमध्ये एवढंच लिही: 'आजच्या बोलण्याप्रमाणे सोमवारपासून सहा जणांच्या कामाचं वाटप, क्लायंटचा साप्ताहिक कॉल आणि रिलीजची मंजुरी माझ्याकडे आली आहे. पदनाम आणि पगारातला बदल कोणत्या तारखेपासून लागू होईल, ते कळवावे.' 'जमल्यास', 'त्रासाबद्दल क्षमस्व' असलं काही घालू नकोस. उत्तर आलं नाही, तर आठवड्याने त्याच मेलखाली पुन्हा विचार.

तू म्हणतेस, इतकं कोरडं लिहिणं बरं दिसत नाही. बरं दिसावं म्हणून आमच्या पिढीतल्या बायकांनी पुष्कळ काम फुकट केलंय. म्हणून मी हटून बसते, आणि बसणारच.

आता आकडा. नऊ लाखांच्या सीटीसीवर, म्हणजे कंपनी वर्षाला तुझ्यावर करते त्या एकूण खर्चावर, हुरळून जाऊ नकोस. त्यातले ९० हजार व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर ठरणारे, खात्री नसलेले पैसे, आधी बाजूला काढ. बेसिक, म्हणजे मूळ पगार, साडेचार लाख धरला, तर कंपनीच्या वाट्याचा बारा टक्के पीएफ ५४ हजार आणि ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी रक्कम) साडेएकवीस हजारांवर, हेही सीटीसीतच मोजलेलं असतं. उरल्यातून तुझा स्वतःचा पीएफ आणि प्रोफेशनल टॅक्स गेला की महिन्याला हातात येतात साधारण साडेछप्पन हजार. म्हणून वाढ फिक्स्डमध्ये, म्हणजे दरमहा ठरलेल्या पगारात माग. आकडा एकदाच सांग आणि गप्प राहा. समोरचा विचार करत असतो, तेवढ्यात आपणच 'थोडं कमी चालेल' म्हणतो, आणि तिथेच घात होतो.

'बजेट नाही' हे उत्तर येईलच. मुंबईच्या मॅकिनन मॅकेन्झी कंपनीत महिला स्टेनोग्राफरना पुरुष स्टेनोग्राफरपेक्षा कमी पगार होता. तिथल्याच स्टेनोग्राफर ऑड्री डिकॉस्टा यांच्या खटल्यात १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने कंपनीची आर्थिक अडचणीची सबब मानली नाही. प्रत्यक्षात काम काय करतात, ते पाहिलं. आताच्या वेतन संहितेत, म्हणजे पगाराविषयीच्या कायद्यातही, सारख्या कामाला पगारात बाई-पुरुष भेद चालत नाही. पण काम सारखं आहे हे दाखवायला तुझ्याकडे कागद हवा. तो त्या मेलनेच तयार होतो.

मीटिंगचे मिनिट्स, वाढदिवसाचा केक ही कामं तुझ्याच गळ्यात पडतात ना? 'या महिन्यात मी केलं, पुढच्या महिन्यात कोण?' हे मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर विचार. ठरलेलं नाव मिनिट्समध्ये लिही.

मेल पाठवण्याआधी मला दाखव. 'कृपया' तीनदा आलं असेल, तर दोन मी खोडीन.

तुझी,
ताई