'पो दान' सात वर्षांच्या मुलीला दाखवावा का?

तुमचा प्रश्न असा आहे: "'पो दान' हा जुना फ्रेंच संगीतपट विचित्र पण गोड आहे असं ऐकते. पण त्यात बापच मुलीशी लग्न करायला निघतो म्हणे. सात वर्षांच्या मुलीला दाखवू का? आणि त्यात गोड ते काय?"

दाखवा. फक्त शेजारी बसा.

मी तो आधी एका फिल्म क्लबात पाहिला होता आणि मग भाचीबरोबर घरी, लॅपटॉपवर. ती तेव्हा आठ वर्षांची होती. नाव ऐकून माझ्या आईला वाटलं, कसल्यातरी दानधर्माचा सिनेमा आहे. 'पो दान' म्हणजे गाढवाचं कातडं. फ्रेंच लेखक शार्ल पेरोने 1694 साली ही गोष्ट पद्यात लिहिली आणि दिग्दर्शक जाक दमीने 1970 मध्ये तिचा सिनेमा केला.

गोष्ट आपल्या 'आटपाट नगर होतं'च्याच घरातली. राणी मरताना राजाकडून वचन घेते की माझ्याहून देखणी मिळाली तरच दुसरं लग्न करा. तशी देखणी निघते एकटी त्याची लेक. (राणी आणि लेक दोन्ही भूमिकांत अभिनेत्री कॅथरीन दनवच आहे, त्यामुळे राजाचा घोटाळा थोडा तरी कळतो.) लेक अशक्य वाटणाऱ्या पोशाखांची मागणी करून वेळ काढते, राजा एकेक पोशाख शिवून आणून देतो. शेवटी ती रत्नं हगणाऱ्या गाढवाचं कातडं मागते. राजा तेही देतो, खजिन्यावर पाणी सोडून. मग ती तेच कातडं पांघरून पळते आणि दुसऱ्या राज्यात डुकरं राखायला राहते.

आता तुमची खरी काळजी. बापाची मागणी सिनेमा झाकून ठेवत नाही, पण तिच्यात अभद्र असंही काही दाखवत नाही. राजकन्येला या सगळ्या युक्त्या सुचवणारी लायलॅक परी तिला एक गाणंच म्हणून दाखवते: मुलांनी आईबापांशी लग्न करायचं नसतं. तेही प्रवचनाच्या सुरात नाही, नटता नटता, संगीतकार मिशेल लग्राँच्या हलक्या चालीवर. मी सबटायटल मराठीत वाचून दाखवत होते. भाची म्हणाली, "आत्या, हे त्या बाबाला सांगायला पाहिजे ना, तिला काय सांगतेय?" यावर मला काहीही जोडावं लागलं नाही. मुलं इतपत सरळ असतात. शेवटी ही परी स्वतःच राजाशी लग्न करते तेव्हा तर भाचीने "बघ, हिलाच करायचं होतं!" म्हणून टाळी दिली.

गोडवा कशात, ते सांगणं अवघड आहे, पण प्रयत्न करते. हा सिनेमा स्वतःचा खोटेपणा लपवत नाही आणि त्याची लाजही बाळगत नाही. एका राज्यात सगळं निळं: नोकरांचे चेहरे निळे, घोडेही निळे. दुसऱ्या राज्यात सगळं लाल. रंग फासलाय हे कोणालाही दिसतं. राजा बसतो एका भल्यामोठ्या पांढऱ्या मांजराच्या सिंहासनावर, आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. ओढणी डोक्यावर घेतली की राणी झालो, हा लहानपणचा करार असतो ना, तसाच. मोठ्या माणसांनी भरपूर पैसे खर्चून तो पाळलाय, एवढंच. लोकेशन मात्र अस्सल: लाल राज्यासाठी लुआर खोऱ्यातला शाँबोरचा किल्ला वापरलाय. त्यामुळे खऱ्या दगडी जिन्यावरून खोट्या रंगाची माणसं उतरताना दिसतात.

हवेच्या रंगाचा पोशाख नीट बघा. त्याला सिनेमाच्या पडद्याचं कापड वापरलंय आणि वर प्रोजेक्टरने ढग सोडलेत. दनव बोलतेय आणि तिच्या घेरावरून ढग सरकतायत. आज कॉम्प्युटरवर हे चुटकीसरशी होईल, पण त्या कापडाचा जो वजनदार खडबडीतपणा दिसतो तो येणार नाही.

माझं सगळ्यात आवडतं दृश्य केकचं. लाल राज्याच्या आजारी राजपुत्राला राजकन्येच्याच हातचा केक हवा असतो. मोडक्या झोपडीत एक राजकन्या सूर्याच्या रंगाच्या झगमगत्या पोशाखात कणीक मळते आणि तिचंच दुसरं रूप कातडं पांघरून पाककृती गाऊन वाचून दाखवतं. पीठ, लोणी, साखर, सगळं गाण्यात. अंडं फोडलं तर आतून पिल्लू बाहेर येतं. मग ती हळूच अंगठी त्यात टाकते. सोन्याच्या बाह्या पिठाने भरतील म्हणून आमच्या घरातल्या सगळ्या बायकांचा जीव खालीवर होत होता.

मोठ्यांसाठीही गंमत पेरलीय. राजा झालेला नट जाँ मारे हा 1946 मध्ये कवी-दिग्दर्शक जाँ कोक्तोच्या 'ब्यूटी अँड द बीस्ट' या परीकथेच्या सिनेमात पशू झाला होता. इथे तो मुलीला कविता वाचून दाखवतो, त्या कोक्तो आणि विसाव्या शतकातला कवी अपोलिनेर यांच्या, 'भविष्यातल्या कवींच्या' म्हणून. दमी कोक्तोचं ऋण असं खेळत खेळत फेडतो.

एक खरी तक्रार: मधला भाग रेंगाळतो. राजपुत्र देखणा आहे आणि बाकी फारसा काही नाही. अंगठी बोटात बसते का ते बघायला गावभरच्या मुली रांग लावतात तिथे भाची उठून पाणी पिऊन आली. येऊ द्या. फ्रान्समध्ये वीस लाखांहून जास्त लोकांनी तिकीट काढून हा सिनेमा पाहिला, त्यातली कितीतरी पोरंही तेव्हा उठली असतील.

शेवटाची तयारी मात्र आधीच करून ठेवा. लग्नाला परी आणि राजा चक्क हेलिकॉप्टरने येतात. आम्ही मोठे हसलो. भाची हसली नाही. तिने विचारलं, "परीकडे हेलिकॉप्टर होतं, तर तिने राजकन्येला कातड्यात का पळवलं?"

मला अजून उत्तर सुचलेलं नाही. तुमच्या मुलीला सुचलं तर इथेच लिहा.