ॲम्प सगळ्यात शेवटी घ्या: बेसवादकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : ऑर्केस्ट्रात आणि लग्नाच्या कार्यक्रमांत बेस वाजवतो. बेस सुरुवातीला घेतलेला, साधाच आहे. ॲम्प नाही. हाताशी ४० हजार आहेत. मोठा ॲम्प घेऊ की चांगला बेस? (सांगली)

आधी डीआय बॉक्स घ्या, म्हणजे बेसचा सिग्नल मिक्सरला मानवेल असा करून देणारी छोटी पेटी. नाट्यगृह असो, लॉन असो की गणपतीचा मांडव, प्रेक्षकांना ऐकू येणारा बेस भाड्याच्या साउंड सिस्टीममधून येतो. तुमच्या मागे ठेवलेला ॲम्प फार तर तुम्हाला आणि ड्रमरला ऐकू येतो. सिस्टीममध्ये सिग्नल कसा शिरतो, यावर सगळं ठरतं आणि नेमकी तिथेच हेळसांड होते. साउंडवाला साधी गिटारची केबल देतो आणि ती सरळ मिक्सरच्या लाइन इनपुटला जोडतो. पॅसिव्ह (बॅटरी नसलेल्या) बेसच्या पिकअपला, म्हणजे तारांची कंपनं पकडणाऱ्या भागाला, पुढे साधारण १० लाख ओहमचा इनपुट लागतो, लाइन इनपुट बहुतेकदा १० ते २० हजार ओहमचा असतो. त्यामुळे वरचे सूर मरतात, आवाज गोधडीखालून आल्यासारखा वाटतो, मग साउंडवाला ट्रेबल वाढवतो आणि खरखर ऐकू येते. त्यात केबल २० फुटांहून लांब असेल तर उरलासुरला ट्रेबलही जातो.

निवडीचा ढोबळ नियम असा : पॅसिव्ह बेसला ॲक्टिव्ह डीआय, ॲक्टिव्ह बेसला (ज्यात ९ व्होल्टची बॅटरी असते) पॅसिव्ह डीआय. ॲक्टिव्ह डीआयला बॅटरी किंवा मिक्सरकडून येणारी ४८ व्होल्टची फँटम पॉवर लागते. फँटम द्यायला साउंडवाला विसरेल हे गृहीत धरून बॅटरीवरही चालणारा डीआयच घ्या. ‘आमच्याकडे डीआय असतो’ असं ते सांगतात. असतोही, पण त्याचा जॅक सैल असतो. स्वतःचा बाळगा.

बाकी पैशांतून आहे त्या बेसचा सेटअप करून घ्या, नव्या तारा चढवा, ६ मीटरच्या दोन चांगल्या केबल घ्या. एक बेल्टपॅक हेडफोन ॲम्प आणि कानात घट्ट बसणारे इअरफोन घेतलेत, तर मिक्सरच्या ऑक्सवरून (वेगळ्या आउटपुटवरून) स्वतःचा आवाज ऐकायला मॉनिटर मिळेल आणि ‘बेस ऐकू येत नाही’ म्हणून जोरात वाजवणं थांबेल. हे सगळं साधारण १२-१५ हजारांत बसतं. उरलेले पैसे चांगल्या सेकंडहँड बेससाठी ठेवा. ॲम्पचा विचार स्वतःचा बँड घेऊन छोट्या कॅफेत वाजवायला लागाल तेव्हा.

प्रश्न : आमचे गायक पांढरी एक, काळी एक, काळी दोन अशाच (हार्मोनियमच्या) पट्ट्यांत गातात. चार तारांचा बेस अपुरा वाटतो. पाच तारांचा घ्यावा का? (पुणे)

तुमच्या बाबतीत हो. चार तारांच्या बेसची खालची तार ई, म्हणजे पांढरी तीन. पांढरी एकचा सा तुम्हाला ए तारेवर तिसऱ्या फ्रेटला (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीला) मिळतो. त्याच्याखालचा हवा असेल तर तारच नाही. पाच तारांच्या बेसवर बी तारेच्या पहिल्या फ्रेटला पांढरी एक, दुसऱ्याला काळी एक, तिसऱ्याला पांढरी दोन, चौथ्याला काळी दोन. म्हणजे तुमच्या सगळ्या पट्ट्यांचा खर्जाचा सा पहिल्या चार फ्रेटमध्ये येतो. काळी चार, काळी पाच गाणाऱ्या गायिकेसाठी मात्र चार तारा पुरतात.

पण दोन अडचणी आधीच समजून घ्या. खालच्या बी तारेची कंपनसंख्या ३०.९ हर्ट्झ असते. लहान १० इंची स्पीकरचे मॉनिटर ५०-६० हर्ट्झच्या खाली फारसं काही देत नाहीत, त्यामुळे स्टेजवर तुम्हाला मूळ सुराऐवजी त्याच्या दुपटीचा, ६२ हर्ट्झचा सूर ऐकू येतो. तार ढिली वाटते म्हणून जोरात मारू नका. दुसरं, किबोर्डवाल्याचा डावा हात त्याच जागेत असेल तर दोघांचा मिळून चिखल होतो. एकाने वर सरकायचं हे तालमीतच ठरवा.

दुकानात गेलात की फक्त बी तार वाजवून बघा. पाचव्या फ्रेटचा ई आणि मोकळ्या ई तारेचा ई, दोन्हींचा पोत जवळपास सारखा हवा. स्वस्त पाचतारींत बी बहुधा भोंगळ निघते. तारांमधलं अंतरही बघा : आयबानेझच्या एसआर मालिकेतल्या पाचतारीत ब्रिजपाशी ते १६.५ मिलिमीटर असतं, काही बेसवर १९. अंगठ्याने स्लॅप करणाऱ्याला १६.५ अरुंद वाटतं, बोटांनी वाजवणाऱ्याला सोयीचं.

नवा बेस परवडत नसेल तर चारतारीवर पाचतारीच्या संचातल्या खालच्या चार तारा (बी-ई-ए-डी) चढवता येतात. .१३० जाडीच्या तारेसाठी नटची (मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीची) खाच रुंद करावी लागते आणि ट्रस रॉडही (मानेचा बाक सांभाळणारी आतली सळई) नव्याने जुळवावा लागतो. वरची ‘जी’ (G) तार जाते. ऑर्केस्ट्रात तिची उणीव फारशी भासत नाही.

प्रश्न : सेकंडहँड बेस बघायला जाताना काय काय तपासायचं? विक्रेता घाई करतो, अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ मिळत नाही. (नाशिक)

अर्धा तास पुष्कळ झाला. घाई करणाऱ्याकडून घ्यायलाच हवं असंही नाही. सोबत ट्यूनर, स्वतःची केबल, नवी ९ व्होल्टची बॅटरी, छोटा स्क्रूड्रायव्हर आणि एक व्हिजिटिंग कार्ड न्या.

पहिलं काम मानेचं. बेस ट्यून करा. ई तार पहिल्या फ्रेटला एका हाताने आणि शेवटच्या फ्रेटला दुसऱ्या हाताने दाबा. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात साधारण ०.३ ते ०.४ मिलिमीटर फट दिसली पाहिजे. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकतं एवढीच. मग हेच ‘जी’ (G) तारेवर करा. दोन्हीकडे फट वेगवेगळी असेल तर मान पिळली गेली आहे. ती ट्रस रॉडने सरळ होत नाही, बेस तिथेच सोडून निघा. फट जास्त असेल तर विक्रेत्यालाच ट्रस रॉड पाव फेरा घट्ट करायला सांगा. तुम्ही हात लावू नका, पुढे काही झालं तर वाद नको. रॉड फिरतच नसेल किंवा टोकाला पोचला असेल, तर किंमत कितीही कमी असली तरी घेऊ नका.

ब्रिजवरचे सॅडल (तारा टेकतात ते छोटे तुकडे) बघा. ते तळाला टेकलेत आणि तरी बाराव्या फ्रेटला तार ३ मिलिमीटरहून उंच आहे, म्हणजे मानेचा कोन बिघडलाय किंवा कुणीतरी खोटी दुरुस्ती करून ठेवली आहे. नीट लावलेल्या बेसवर ही उंची २ ते २.५ मिलिमीटरच्या आसपास असते. मग प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर एकदा वाजवा, हळू आणि जोरात. एखाद-दुसऱ्या फ्रेटला खडखड होत असेल तर फ्रेट सैल किंवा झिजलेली आहे, दुरुस्त होते, पण तेवढे पैसे किमतीतून कापून घ्या.

व्हॉल्यूम, टोनची खरखर कॉन्टॅक्ट क्लीनरने जाते, तिची काळजी नको. ॲक्टिव्ह बेस असेल तर विक्रेत्याची बॅटरी काढून स्वतःची घाला. फाटका आवाज बॅटरीचा आहे की सर्किटचा, ते लगेच कळतं. बॅटरीच्या खोबणीत हिरवट थर दिसला तर आतल्या तारा गंजलेल्या असतात. कोकणात आणि मुंबईत पावसाळे काढलेल्या बेसमध्ये हे हमखास सापडतं. ब्रिजचे बारीक स्क्रूही गंजून जाम झालेत का ते फिरवून बघा.

फेंडरचं नाव असलेला बेस असेल तर हेडस्टॉकवरच्या स्टिकरवर विसंबू नका, ते कुठेही छापून मिळतं. मेक्सिकोत बनलेल्या अलीकडच्या फेंडरचा क्रमांक ‘एमएक्स’ने सुरू होतो आणि पुढचे दोन आकडे वर्षाचे असतात. एमएक्स२१ म्हणजे २०२१. विक्रेता ‘दहा वर्षं माझ्याकडे आहे’ म्हणत असेल आणि क्रमांक वेगळं सांगत असेल तर एक तरी गोष्ट खोटी आहे. स्क्वायर या फेंडरच्याच स्वस्त ब्रँडवर क्रमांक ‘आयसी’ने सुरू होणं नेहमीचंच, तो इंडोनेशियात बनलेला असतो. तीच अक्षरं ‘अमेरिकन फेंडर’वर दिसली की उठायचं.

प्रश्न : अमेरिकेतला भाऊ त्याचा ५०० वॅटचा बेस हेड (स्पीकर नसलेला ॲम्प) देतोय. माझ्याकडे इथला ८ ओहमचा एक कॅबिनेट (स्पीकरची पेटी) आहे. सरळ जोडू का? (ठाणे)

प्लग लावण्याआधी हेडच्या मागची पट्टी वाचा. ‘१००–२४० व्होल्ट’ लिहिलं असेल तर फक्त पॉवर केबल बदला. ११५/२३० असा स्विच असेल तर तो २३० वर घ्या आणि मॅन्युअल सांगेल तसा फ्यूजही बदला. नुसतं ‘१२० व्होल्ट, ६० हर्ट्झ’ असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय लावू नका, तो १००० व्हीए क्षमतेचा घ्या. बाजारात हेअर ड्रायरसाठी मिळणारे हलके इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर ॲम्पला चालत नाहीत. ट्रान्सफॉर्मर घेताना अर्थिंगची पिन आतून आउटपुटपर्यंत जोडलेली आहे का, ते मल्टिमीटरने बघा. पुष्कळ स्थानिक ट्रान्सफॉर्मरमध्ये ती तशीच अधांतरी असते.

५०० वॅट हा आकडा बहुतेक हेडवर ४ ओहमसाठी असतो. ८ ओहमच्या एका कॅबिनेटवर साधारण २५० ते ३०० वॅट मिळतील. हा फरक जेमतेम ३ डेसिबलचा आहे, त्यासाठी दुसरा कॅबिनेट घ्यायची घाई नको. घेतलाच तर ८ ओहमचाच घ्या, दोन मिळून ४ ओहम होतात. ४ ओहमचा घेतलात तर एकूण २.७ ओहम होईल आणि बरेच हेड गरम होऊन बंद पडतील. कॅबिनेटला स्पीकरची जाड केबल लावा, शक्यतो स्पीकऑन (फिरवून अडकवायच्या) कनेक्टरची. गिटारची केबल दिसायला सारखीच, पण आतली तार बारीक असल्याने ती तापते.

प्रश्न : मांडवात वाजवताना माइकला ओठ लागला की झटका बसतो. गूं असा आवाजही येतो. अर्थिंगची पिन काढून टाकली की आवाज जातो, असं साउंडवाला सांगतो. चालेल का? (कोल्हापूर)

मुळीच नाही. पिन काढल्यावर गूं जाईल, पण ॲम्पमध्ये बिघाड झाला तर बेसच्या तारांवर आणि तुमच्या हातांवर २३० व्होल्ट येतील.

झटका का बसतो ते बघा. मांडवात जनरेटर किंवा शेजारच्या इमारतीतून ओढलेली लाइन असते आणि अर्थ बहुधा जोडलेलाच नसतो. ॲम्पच्या, पेडल ॲडॅप्टरच्या पॉवर सप्लायमध्ये फिल्टरचे कपॅसिटर असतात. अर्थ नसला की ते उपकरणाच्या धातूच्या पेटीला जवळपास ११५ व्होल्टवर आणून ठेवतात. करंट कमी असतो म्हणून मुंग्या येतात, पण दुसरीकडे माइक मिक्सरमार्गे वेगळ्या लाइनवर असला की तो रस्ता तुमच्या ओठांतून पूर्ण होतो.

साउंड चेकच्या आधी मल्टिमीटर काढा. फेज आणि न्यूट्रलमध्ये २२० ते २४० व्होल्ट, फेज आणि अर्थमध्येही तेवढेच, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीनच्या आत. फेज-अर्थमध्ये ८०, ११० असे भलतेच आकडे आले तर अर्थ नाही असं समजा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. तुमची सगळी उपकरणं मिक्सरच्याच बोर्डावरून घ्या. अर्थ मिळतच नसेल तर त्या दिवशी ॲम्प बाजूला ठेवा. बॅटरीवरचा डीआय आणि त्यावरचा ग्राउंड लिफ्टचा स्विच वापरा. तो फक्त सिग्नलच्या केबलमधला अर्थ तोडतो, पॉवरचा नाही, म्हणून तो वापरणं सुरक्षित आहे. बेसवर वायरलेस ट्रान्समीटर लावला तर केबलचं नातंच तुटतं.

गूं कुठून येतो तेही ओळखता येतं. तारांना हात लावल्यावर थांबला तर बेसच्या आतली अर्थची तार किंवा शील्डिंग बघा. स्वतःभोवती वळल्यावर कमी-जास्त झाला तर सिंगल कॉइल पिकअप एलईडी दिव्यांचा त्रास पकडतोय. जॅझ बेसवर दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडले की तो बराच मरतो. यांपैकी काहीच केल्याने बदलला नाही तर ग्राउंड लूप, म्हणजे दोन वाटांनी अर्थ जोडला गेल्याने होणारा आवाज, तिथे लिफ्ट.

प्रश्न : पिकअप आणि ब्रिज बदललेला बेस विकायचाय. त्याचे पैसे धरून किंमत मागू का? कुरिअरने पाठवता येईल का? (नागपूर)

बदललेल्या भागांचे पैसे मिळत नाहीत, घेणाऱ्याला मूळ बेस हवा असतो. जुने भाग जपून ठेवले असतील तर ते परत बसवा, नवे वेगळे विका. चांगल्या अवस्थेतल्या बेसची किंमत नव्याच्या ६० ते ६५ टक्के धरून सुरुवात करा. फोटोत क्रमांक, पहिल्या पाच फ्रेटचा जवळून फोटो, मानेचा मागून फोटो आणि प्रत्येक ओरखडा दाखवा. लपवलेला ओरखडा भेटीत दिसला की पाच हजार तिथेच जातात.

कुरिअरचा हिशोब बहुतेक ठिकाणी लांबी × रुंदी × उंची भागिले ५००० असा असतो. १२५ × ४० × २० सेंटिमीटरच्या खोक्याला २० किलोचं बिल लागतं, बेस जेमतेम ४ किलोचा असला तरी. चार स्क्रूंनी जोडलेली मान काढून पाठवली तर खोका सुमारे ९५ सेंटिमीटरचा होतो आणि बिल १५ किलोच्या आसपास येतं. मान न काढता पाठवत असाल तर तारा पूर्ण सोडू नका, दोन सूर ढिल्या करा आणि नटच्या मागे, हेडस्टॉकखाली फोम ठासून भरा. मोडतं ते तिथेच.

प्रश्न : घामाने तारा महिनाभरातच मेल्यासारख्या वाजतात. उपाय? (पणजी)

कोटेड (वर पातळ संरक्षक थर असलेल्या) तारा घ्या, महाग असल्या तरी किनाऱ्यावर परवडतात. ४ तारांना ४५ ते १०५ जाडीचा (इंचाच्या हजाराव्या भागांत) संच बहुतेकांना चालतो. वाजवून झालं की प्रत्येक तारेखालूनही सुती कापड फिरवा, घाम वरून पुसला तरी खाली तसाच राहतो. नव्या तारांचा झणझणीतपणा गाण्याला नकोच असेल तर फ्लॅटवाउंड (सपाट वेढ्याच्या, गुळगुळीत) तारा बसवा, त्या वर्षानुवर्षं चालतात.