अमेरिकन लेखिका मेरिलिन रॉबिन्सन यांच्या पहिल्या दोन कादंबऱ्यांच्या मध्ये २४ वर्षं का गेली? त्यांनी लिहिणं सोडलं होतं का?

नाही, सोडलं नव्हतं. 'हाउसकीपिंग' १९८० साली आली आणि 'गिलियड' २००४ साली, पण मधल्या काळात त्या वैचारिक लेखनात गढलेल्या होत्या. १९८९ मध्ये ब्रिटनमधल्या सेलाफील्ड अणुप्रकल्पाच्या प्रदूषणावर त्यांनी 'मदर कंट्री' हे खरमरीत पुस्तक लिहिलं. १९९१ पासून आयोवा विद्यापीठाच्या प्रसिद्ध लेखन कार्यशाळेत शिकवलं. निबंधही लिहिले.

'गिलियड' वाचली की ही वर्षं कुठे मुरली ते कळतं. १९५६ सालचं आयोवातलं लहानसं गाव. हृदयविकाराने थकलेला म्हातारा पाद्री आपल्या जेमतेम सात वर्षांच्या मुलासाठी पत्र लिहितोय, मुलगा मोठा होईल तेव्हा आपण नसू म्हणून. एवढंच कथानक! पण पाण्यावरचा, पानांवरचा उजेड तो ज्या कृतज्ञतेने न्याहाळतो, ते वाचताना मी कितीदा तरी थांबले आहे. या कादंबरीला २००५ चा पुलित्झर हा अमेरिकेतला मानाचा पुरस्कार मिळाला.

पुढे त्याच गावातल्या माणसांवर 'होम', 'लायला' आणि 'जॅक' आल्या. सुरुवात मात्र 'गिलियड'पासूनच करा, आणि घाई न करता वाचा.