अवरक्त, अतिरक्त आणि रंगार गल्ली

परभणीच्या एका शिक्षिकेने विचारलंय: विद्यार्थ्याने निबंधात 'लढाऊ विमानातला अतिरक्त किरणांचा रडार' असं लिहिलंय, ते चालेल का? आणि 'इन्फ्रारेड सर्च अँड ट्रॅक'ला मराठीत काय म्हणावं?

नाही चालणार, बाई. पोराचा दोष नाही. बातम्यांतून रोज हेच कानावर आदळतंय. 'इन्फ्रारेड'साठी शब्द 'अवरक्त' आहे. 'अतिनील'च्या वजनावर कुणीतरी 'अतिरक्त' पाडला आणि तोच चालू झाला. शिवाय हा रडार नाहीच. रडार लहरी सोडतो आणि आदळून परत आलेल्या टिपतो. ही यंत्रणा काहीच सोडत नाही, नुसती बघते. इंजिनाची धग आणि हवेच्या घर्षणाने तापलेला पत्रा तिला लांबून दिसतो, आणि आपल्याकडे कुणी बघतंय हे समोरच्याला कळत नाही. नाशिकजवळच्या ओझरला जुळणी झालेल्या सुखोई-३० एमकेआय या लढाऊ विमानाच्या कॉकपिटपुढे काचेचा गोळा असतो, तो हाच डोळा. दाट ढग आडवा आला की मात्र त्याचं काही चालत नाही.

'अव' म्हणजे खाली. अवतरण, अवरोह आठवा. तांबड्या प्रकाशाची तरंगलांबी साधारण ७०० नॅनोमीटर. अवरक्ताची त्याहून जास्त, म्हणून लोकांना 'अति' सुचतो. खाली असते ती कंपनसंख्या.

पण खरी गंमत 'रक्त'मध्ये आहे. हा शब्द आधी धमन्यांतला नाही, रंगाऱ्याच्या हंड्यातला आहे. पाणिनीचं सूत्र आहे, 'तेन रक्तं रागात्' (४.२.१). राग म्हणजे रंगद्रव्य, रक्त म्हणजे त्यात रंगवलेलं. धातू रञ्ज्. लहानपणी आजी विटलेलं लुगडं घेऊन आमच्या रंगार गल्लीत जायची. रंगारी उकळत्या हंड्यातून काठीने कापड वर काढायचा, वाफ तोंडावर यायची, आणि त्याचे हात कोपरापर्यंत तांबडे. ते ओलं लुगडं म्हणजे पाणिनीचं 'रक्त'! अंगातल्या रक्ताला हे नाव रंगावरून पडलं. रंग, रंजन, अनुरक्त सगळे त्याच हंड्यातले, आणि विरक्त म्हणजे ज्याच्यावरचा रंग उतरला तो. गाण्यातला सोडला, तर मराठीत 'राग' संतापापुरता उरला तो तोंड लालबुंद होतं म्हणून, असं माझं ठाम मत आहे. 'रागरंग' म्हणताना तर आपण एकच धातू दोनदा उच्चारतो.

१८०० साली खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलने लोलकातून रंगपट्टा पाडला आणि तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हतं, तिथे थर्मामीटर ठेवला. पारा चढला. त्या बिनरंगाच्या जागेला आपण रंगाऱ्याचा शब्द दिला, याचा मला फार आनंद वाटतो.

काही विद्वान 'अधोरक्त'च हवं म्हणून अडून बसतात, कारण लॅटिन 'इन्फ्रा' आणि संस्कृत 'अधर' (म्हणजे खालचा) एकाच मुळाचे. मूळ एकच, कबूल. पण नातं जुळलं म्हणून रुळलेला शब्द उपटायचा नसतो. 'उष्णकिरण' म्हणणाऱ्यांचं तर अजिबात ऐकू नका. ऊन्हातला दिसणारा प्रकाशही अंग तापवतोच की.

हां, दुसरा प्रश्न राहिला. 'अवरक्त शोध-माग यंत्रणा' लिहा. रानात चुकलेल्या जनावराचा माग काढतात, तोच हा माग.