रिकामा कप्पा रिकामाच राहू दे

अरे बाळा,

फोटो बघितले, झूम करून करून बघितले, आणि वस्तू बघून जेवढा आनंद झाला तेवढाच तुझा मेसेज वाचून वैताग आला. "काका, रिव्हॉल्व्हरची पेटी कम्प्लीट करायला अजून काय काय घ्यावं लागेल?" काही नाही घ्यावं लागणार. गोळ्या ओतायचा साचा नाही, बार पेटवणाऱ्या टोप्यांचा डबा नाही, मग नाही. रिकामा कप्पा रिकामाच राहू दे.

आधी तुझ्याकडे काय आलंय ते तर नीट बघ. कोल्टचं १८४९ चं पॉकेट मॉडेल रिव्हॉल्व्हर, पॉइंट ३१ बोअरचं, पाच बारांचं, आणि नळीवर न्यूयॉर्कचा नाही, लंडनचा पत्ता. अमेरिकेत हार्टफर्डला हे मॉडेल तीन लाखांच्या वर बनलं, पण कोल्टच्या लंडनमधल्या पिम्लिकोच्या कारखान्यात १८५३ ते १८५७ या काळात जेमतेम ११ हजारांच्या आसपास. सिलेंडरवर घोडागाडी लुटतानाचं चित्र आहे ना, ते वॉटरमन ऑर्म्सबी नावाच्या बँकनोटा कोरणाऱ्या माणसाचं काम. तुझ्या फोटोत ते अजून वाचता येतंय, घोडे दिसतायत, आणि तू मला डब्याचं विचारतोस!

आता पेटी. ओकची, आत हिरवं लोकरी कापड, इंग्लिश पद्धतीचे सरळ कप्पे. उजवीकडच्या रिकाम्या कप्प्यात कापडावर तपकिरी डाग आहे तो बघितलास का? तो साच्याच्या लोखंडाचा गंज आहे. दीडशे वर्षं तिथे साचा होता आणि त्याने स्वतःचा आकार सोडलाय. दुकानदार तुला जो साचा देतोय त्याच्या दांड्या त्या डागापेक्षा लांब आहेत, फोटोतच कळतंय, बहुतेक कोल्टच्याच मोठ्या पॉइंट ३६ नेव्ही रिव्हॉल्व्हरचा असेल, साच्यावर बोअरचा आकडा असतो तो वाच. तो ठेवलास की डाग झाकला गेला, म्हणजे खरा पुरावा खाली आणि खोटा वर. मग पुढचा माणूस काय वाचणार?

डब्याचं तर अजूनच गमतीशीर. दुकानदार देतोय तो ईली या टोप्या बनवणाऱ्या कंपनीचा डबा, लेबलावर 'लिमिटेड' छापलेलं. ईली ब्रदर्स लिमिटेड झाली १८७४ ला, लंडनचा कोल्ट कारखाना बंद होऊन तेव्हा सतराएक वर्षं झाली होती. तू म्हणशील मालकाने नंतर टोप्या विकत घेतल्या असतील. असतील की! हाच डबा पेटीत सापडला असता तर मीच तुला सांगितलं असतं, हात लावू नकोस, राहू दे, तारीख जुळत नसली तरी. पण हा डबा पेटीत सापडलेला नाही, तो दुकानदाराच्या ड्रॉवरमधून आलाय. सापडलेलं आणि ठेवलेलं यातला फरक कळला नाही तर या नादाला लागूच नकोस, स्टॅम्प जमव.

"पण काका, मी चिठ्ठी लिहून ठेवीन की हे नंतर घातलंय." हे मला सगळे सांगतात. चिठ्ठी हरवते रे. तू विकशील, नाहीतर तुझ्यामागे कोणीतरी विकेल, आणि लिलावाच्या कॅटलॉगात छापून येईल 'सर्व मूळ साहित्यासह'. साध्या साडीला काठ लावून पैठणी म्हणून विकण्यातलाच प्रकार. शिवणाऱ्याने कोणाला फसवलेलं नसतं, पुढचा फसवतो, पण सोय शिवणाऱ्यानेच करून दिलेली असते.

माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत, त्यांच्या सगळ्या पेट्या फुल, डिक्सनची दारूची (बंदुकीच्या) कुपी, साचा, तेलाची बाटली, किल्लीसुद्धा, आणि लिलावात माझ्यापेक्षा दुप्पट भाव घेतात. घेऊ देत. मला हेवा वाटत नाही. म्हणजे वाटतो, पण त्यासाठी मी कप्पे भरणार नाही. घरी येणारे लोक 'अर्धवट पेट्या' म्हणून हसतात, तुझ्या काकूनेही ऐकवलंय, पैसे पूर्ण देता आणि सामान अर्धं आणता. रुखरुख एकाच गोष्टीची आहे: ज्या म्हाताऱ्या बाईंकडून मी पहिलं ॲडम्स रिव्हॉल्व्हर घेतलं त्यांना ते घरात कोणाचं होतं हे नीट विचारेपर्यंत त्या गेल्या. तो कप्पाही रिकामा आहे, आणि तो मी अंदाजाने भरलेला नाही. बहुतेक याच कारणाने मी एवढा हट्टी झालो असेन, असो.

तू ज्याने घरचं क्लिअर करून पेटी विकली त्याला आजच फोन कर. कोणाची, कुठल्या खोलीत होती, कधी उघडली होती का, सगळं लिही. डब्याला पैसे पडतात, हे फुकट मिळतंय.

बाकीचं पटकन. नंबर जुळव: नळी, फ्रेम, ट्रिगर गार्ड, मागची पट्टी, सिलेंडर, नळी धरून ठेवणारी पाचर. नळीवर आणि सिलेंडरवर मुकुटाखाली व्ही आणि जीपी हे लंडनचे प्रूफचे, म्हणजे बार काढून चाचणी केल्याचे शिक्के बघ. कडा गोल झालेल्या आणि अक्षरं पुसट पण रंग मात्र झकास, असं असेल तर पॉलिश मारून नव्याने रंगवलंय. घासायला वायर वूल (तारेची घासणी) लावशील तर माझ्याशी बोलू नकोस. थोडं रेनेसान्स वॅक्स, म्हणजे जुन्या वस्तूंना लावायचं मेण, मऊ कापडाने, बास. शिशाच्या जुन्या गोळ्या मिळाल्याच तर त्या या पेटीत ठेवायच्या नाहीत, ओकच्या वाफेने शिसं पांढरं पडतं.

आणि दिवाळीत पुण्याला नेऊन आजोबांना दाखवायचा विचार कृपया सोड. इथे इंग्लंडमध्ये शोभेची जुनी वस्तू म्हणून ते सर्टिफिकेटशिवाय ठेवता येतं, बार काढायचा म्हटलास तर नाही. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्यात सूट आहे ती दुरुस्त करूनही चालणार नाही अशा हत्याराला, आणि तुझ्याचा घोडा तर छान बसतोय. आजोबांना व्हिडिओ कॉल कर.

साच्याचे पैसे अजून दिले नसशील तर देऊ नकोस. दिले असशील तर परत माग, आणि नाहीच मिळाले तर साचा वेगळ्या खोक्यात, वेगळ्या कपाटात. शनिवारी पेटी घेऊन ये, डाग मोजायला माझ्याकडे व्हर्नियर आहे.

तुझा,
काका