रात्री खंय निजलात?

प्रिय डॉक्टर,

परवा फोनवर फारच वैतागला होतास. रात्री लॅबवाला नाही, सोनोग्राफी नाही, बांबोळीला, गोव्याच्या मेडिकल कॉलेजात धाडायचं तर आधी अँब्युलन्स मिळायला हवी. सगळं खरं. पण पहाटे पोट धरून आलेल्या त्या बाईबद्दल मी दोन साध्या गोष्टी विचारल्या, तर एकीचंही उत्तर तुझ्याकडे नव्हतं.

पावसात पहाटे पोटदुखी घेऊन कुणी आलं की पहिला प्रश्न, रात्री खंय निजलात? पडवीत, जमिनीवर म्हणाले की पापण्या बघ. मण्यार चावली तर बहुधा सूज नसते, दुखत नाही, दातांच्या खुणा सापडतीलच असं नाही. पोटात कळा येतात, पापण्या जड होतात, गिळवत नाही, मग श्वास अडतो. रक्त गोठण्याची 20 मिनिटांची चाचणी घोणस-फुरशाची, मण्यारीला ती नॉर्मलच येते. कागद नॉर्मल आणि माणूस हातचा जातोय! म्हणून विचार, बाबा. आधी विचार.

भातलावणीत ताप आला तर चिखलात कधी उतरला होता? पोटऱ्या दाबून बघ. लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, चिखलपाण्यातून होणारा ताप) अँटिबॉडी टेस्ट पहिल्या आठवड्यात निगेटिव्ह येऊ शकते. तेवढ्यावर त्यावरचं औषध, डॉक्सीसायक्लिन, थांबवणार? घामाघूम, तोंडाला लाळ, बाहुल्या टाचणीएवढ्या, तर बागेतल्या कलमांवर कीटकनाशकाची फवारणी कोणी केली ते विचार.

मला 'गजालीवाला डॉक्टर', म्हणजे गप्पा मारत बसणारा, म्हणत. रांग लांबते म्हणून वरपर्यंत तक्रारी गेल्या. जाईनात! खंत एवढीच, की तेव्हा भांडून आणखी एक डॉक्टर मागून घ्यायला हवा होता. 1975 साली हॅम्प्टन आणि सहकाऱ्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये 80 नव्या पेशंटांचा हिशेब मांडला. 66 जणांचं निदान रेफरची चिठ्ठी वाचून आणि हकिकत ऐकूनच झालेलं. ते ओपीडीतले, कॅज्युअल्टीतले नव्हेत, असं तू म्हणशील. मान्य. छातीत दुखतंय म्हणाला तर दहा मिनिटांत ईसीजी काढच. पण लीड लावताना तोंड कशाला बंद ठेवतोस?

आणखी एक. तरुण बाई, पोटात दुखतंय, चेहरा पांढराफटक, आणि पाळीचं विचारायचं राहतं, कारण सासू खाटेला चिकटून उभी. सासूला केसपेपर काढायला पाठव, नवऱ्यालाही. मग विचार. दिवस गेलेत का बघायची लघवीची पट्टी मात्र त्यानंतर लगेच कर.