भिंत ठेवू की काढू?

प्रश्न : मी 'मॅजिक : द गॅदरिंग' हा कार्डांचा खेळ खेळतो. माझ्या पांढऱ्या डेकमध्ये (कार्डांच्या संचात) 'वॉल ऑफ ओमेन्स'ची चार कार्डं आहेत. मित्र म्हणतात, जो हल्लाच करू शकत नाही तो प्राणी काय कामाचा? त्याऐवजी २/२ चे (मारा २, सोसायची ताकद २) प्राणी घाल. काय करू?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : मित्रांची चूक कळण्यासारखी आहे, कारण मीही कधीकाळी भिंतींना नुसत्या आकड्यावर जोखायचो. लाल डेकमध्ये 'वॉल ऑफ स्टोन' कोंबली होती. किंमत तीन माना (म्हणजे कार्ड खेळायला लागणारी ऊर्जा), ०/८, कोण फोडणार? कोणी फोडलीच नाही. समोरच्याची 'सेरा एंजल' कुंपणावरून कावळा जावा तशी वरून उडत आली आणि दर टर्नला ४ असे पाच टर्नमध्ये माझे २० लाइफ संपवून गेली. भिंत शेवटपर्यंत शाबूत!

तुमची भिंतही उडणाऱ्याला अडवत नाही. पण २०१० च्या 'राइज ऑफ द एल्ड्राझी'मधलं हे कार्ड दोन मानांत येतं आणि येतानाच तुम्हाला एक कार्ड काढून देतं. म्हणजे किंमत तिथेच वसूल. पुढे ती जे काही अडवेल ते वरकड. ०/४ असल्यामुळे जमिनीवरचे २/२, ३/३ तिच्यापाशी थबकतात. 'लाइटनिंग बोल्ट'च्या ३ डॅमेजनेही ती मरत नाही. समोरच्याने तिच्यावर मारायचं कार्ड खर्च केलं, तर खुशाल करू द्या. तुमचं कार्ड केव्हाच हातात आलंय. 'रेस्टोरेशन एंजल' असेल तर तिच्याकरवी भिंत क्षणभर खेळाबाहेर नेऊन परत आणा, की आणखी एक कार्ड. (हे केल्यावर समोरच्याचा चेहरा बघावा.)

मला स्वतःला तिचा वेगळाच उपयोग आवडतो. भिंत ओलांडायला समोरच्याला जास्त प्राणी मांडावे लागतात, आणि ते मांडून झाले की आपण चार मानांचा 'रॅथ ऑफ गॉड' टाकून सगळेच साफ करायचे. आपली भिंतही जाते. जाऊ दे.

उरलेली ५६ कार्डं कोणती, ते तुम्ही कळवलेलं नाही. ती एक-दोन मानांचे झटपट मारणारे प्राणी असतील, तर मित्रांचं ऐका, चारही काढा. 'रॅथ' किंवा पाच मानांच्या पुढचं काही दणदणीत असेल, तर एकही काढू नका.